बर्नाडेटच्या शेडमध्ये दिलेली घोषणा

खरं सांगा, ‘आदिवासी’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढं आधी माणूस उभा राहतो की नाच?

लाजायचं कारण नाही. माझ्या बसमध्ये बसणाऱ्या बहुतेकांना आधी नाचच दिसतो. पिसं, रंगवलेले चेहरे, शेकोटी, आणि सगळ्यांच्या मधोमध गॉगल लावून उभे असलेले आपण. हा फोटो लोक घरून निघतानाच मनात काढून ठेवतात, बेटावर जाऊन फक्त त्यात माणसं भरायची बाकी असतात. मी नऊ वर्षं टूर मॅनेजर आहे आणि नऊ वर्षं या फोटोशी भांडते आहे. त्या भांडणात माझ्या हातून एक मोठी चूक झाली, आणि त्याच चुकीच्या वाटेनं मला विजयही मिळाला. विजय हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

आधी धंदा समजावून सांगते, कारण आमच्या गल्लीत अजूनही समज आहे की कंपनी मला फुकट जग दाखवते. गाइड वेगळा आणि मॅनेजर वेगळा. गाइड त्या त्या गावचा असतो, त्याला गाव माहीत असतं. मॅनेजरला पर्यटक माहीत असतात. कुणाची साखर वाढते, कुणाला खिडकीच लागते, कोण कांदा-लसूण खात नाही, कोणत्या दोन जावांचं बोलणं बंद आहे आणि म्हणून त्यांना एका टेबलावर बसवायचं नाही, हे सगळं मला पाठ असतं. माझ्या बॅगेत पासपोर्टच्या झेरॉक्स, बोट लागण्यावरच्या गोळ्या, तयार चहाची पाकिटं, सुईदोरा आणि चिकटपट्टी असते. दिवसातून निदान वीस वेळा मी डोकी मोजते. सगळी डोकी परत आली की तो दिवस चांगला गेला, एवढी साधी आमच्या धंद्याची व्याख्या आहे.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. मालक मुळे सर. माणूस चांगला आहे, पण त्यांच्या मते परदेश म्हणजे पूल, उंच इमारती आणि खरेदी. ऑस्ट्रेलियाच्या सहलीत तीन दिवस घुसवून तिवी बेटांवर जायचं, ही कल्पना मी मांडली तेव्हा ते बराच वेळ पंख्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “तिथं बघायचं काय?”

मी म्हणाले, “माणसं.”

तिवी बेटं ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आहेत. डार्विन नावाच्या शहरातून फेरीबोटीनं अडीच तास लागतात. ती जमीन तिवी लोकांची, कायद्यानंही त्यांचीच. वाटेल तेव्हा जाऊन उतरता येत नाही, त्यांनी हो म्हटलं तर जायचं. हे लोक लोखंडासारख्या जड लाकडाचे खांब कोरतात आणि मातीच्या रंगांनी रंगवतात. पांढरी माती, पिवळी माती, आणि तीच पिवळी माती भाजून केलेला तांबडा रंग. ठिपके काढायला कुंचला नसतो, लाकडाची फणी असते. फणीचे दात रंगात बुडवायचे आणि टेकवायचे. एका वेळी ठिपक्यांची अख्खी ओळ उमटते.

मुळे सरांनी शेवटी दोन सहलींपुरती परवानगी दिली. दोन सहली जमल्या तर बेट कायम, नाही तर सहलींच्या पत्रिकेतून कायमचं बाद, आणि त्या जागी पेंग्विन बघायला जायचं. मी पैज स्वीकारली. ती सहल माझी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्यानं आखलेल्या वाटेवर डोकी मोजत नव्हते.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण चूक समजायला ते लागेल. माझे वडील, अण्णा, देवगाव रंगारीहून शहरात आले आणि एका छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी म्हणून लागले. पुढं औरंगपुऱ्याच्याच मागच्या बोळात स्वतःचं छोटं मशीन टाकलं. लग्नपत्रिकांवर पोट चालायचं आणि पत्रकांवर मन. कामगारांची पत्रकं, शिक्षकांची, धरणग्रस्तांची, आणि ज्यांच्याकडं छापायला काही नसायचं त्यांचीही. आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं शिकले ती ‘जाहीर निषेध’ आणि ‘प्रचंड संख्येनं’ या शब्दांवरून. चौथीत असताना मी वर्गशिक्षकांच्या विरोधात एक पत्रक लिहिलं होतं, अण्णांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या दुरुस्त करून दिल्या. माणूस मेला तर त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, हे मला मोर्चात शिकवलं गेलं. ज्याचं नाव घेतलं जात नाही तो दुसऱ्यांदा मरतो, असं अण्णा म्हणायचे आणि मी ते शब्दशः खरं मानायचे.

पहिल्या सहलीत चोवीस जण होते. डार्विनच्या विमानतळावर बीड बायपासकडच्या एका काकूंच्या पिशवीतून नारळ, तांदूळ आणि खण निघाला. तिथं बियाणं आणि फळं आणायला बंदी आहे, हे मी तीनदा सांगितलं होतं. काकूंचं म्हणणं, बेटावरच्या बाईची ओटी भरायची होती, रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं कसं. अधिकाऱ्यानं नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला आणि अतिशय आदरानं डब्यात टाकला. खण परत दिला. काकू दोन दिवस त्या अधिकाऱ्यावर रुसल्या होत्या.

बेटावर आमचा गाइड होता व्हिन्सेंट. पन्नाशीचा, कमी बोलणारा, फुटबॉलचा वेडा. त्यानं ओला पाला जाळून त्याच्या धुरातून आम्हाला एकेक करून नेलं. ते तिथलं स्वागत. आलेल्या माणसाबरोबर वाईट काही आलं असेल तर ते निघून जावं म्हणून. आमच्या लोकांना हे लगेच कळलं. दोघातिघांनी तर धूर ओंजळीत घेऊन डोक्यावरून फिरवला. व्हिन्सेंट हसला. मला वाटलं, जिंकलं.

मग चित्रांच्या शेडमध्ये गेलो. पत्र्याचं लांबलचक छप्पर, खाली बसून काम करणाऱ्या बायका, भिंतीला टेकवलेले खांब. तिथली सगळ्यांत मोठी म्हणजे बर्नाडेट. सत्तरीची, पायात काही नाही, मांडीवर फणी. तिच्याच पाठीमागं एक खांब उभा होता, माणसाहून उंच. पत्रकांच्या घरात वाढलेल्या मला खांबांपेक्षा खालचे कागद आधी दिसतात. त्या खांबाखालच्या कागदावर नावाच्या जागी चिकटपट्टी लावलेली होती. मी डार्विनच्या एका कलादालनाच्या छापील यादीत त्या खांबाचं चित्र पाहिलं होतं, कारागिराचं नावही वाचलं होतं. शेजारी उभ्या एका मुलीला विचारलं तर ती खाली बघत म्हणाली की तो गेला, दोन महिने झाले.

माझं डोकं भडकलं. माणूस मेला आणि त्याच्या कामाखालून नाव पुसलं? हे कुणी केलं? मी माझ्या चोवीस जणांना गोळा केलं. मराठीत सांगितलं की हा खांब कोरणारा कलावंत नुकताच वारला आहे, त्याचं नाव इथं झाकून ठेवलं आहे, आपण तरी ते घेऊ. आणि मी मूठ वर करून त्याचं नाव घेतलं. आमचे लोक तयारच होते. चोवीस जणांनी एका सुरात त्याचं नाव घेऊन ‘अमर रहे, अमर रहे’ म्हटलं. पत्र्याच्या छपराखाली आवाज चांगला घुमला.

घोषणा संपली तेव्हा शेडमधल्या सगळ्या बायकांचे हात थांबले होते. एकीनं तोंडावर हात ठेवला. बर्नाडेट उठली, फणी खाली ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेली. तिच्यामागून बाकीच्या एकेक करून गेल्या. रंगाच्या वाट्या तशाच उघड्या राहिल्या.

व्हिन्सेंटनं मला बाहेर नेलं. रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं सांगितलं की माणूस गेला की त्याचं नाव आम्ही घेत नाही. घरचे मोकळीक देईपर्यंत कुणीच घेत नाही, कधी कधी वर्षानुवर्षं. नाव घेतलं की गेलेल्याला जाता येत नाही, आणि राहिलेल्यांना पुन्हा पहिल्या दिवसापासून रडावं लागतं. ती चिकटपट्टी बर्नाडेटनंच लावली होती. तो तिचा भाऊ होता.

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. 

परतीच्या बोटीत मी डोकी मोजली, चोवीस भरली, आणि पहिल्यांदाच दिवस चांगला गेला असं वाटलं नाही. व्हिन्सेंट धक्क्यावर म्हणाला होता की पुढच्या वेळी तुमच्या लोकांना येऊ द्यायचं की नाही, हे बर्नाडेट ठरवेल. ती नाही म्हणाली तर कुणी तिचा शब्द मोडणार नाही.

घरी आल्यावर मी माफीचं पत्र लिहिलं. चार पानी. त्यात मी कोणत्या परंपरेत वाढले, नावाचं आमच्याकडं काय मोल आहे, माझा हेतू कसा शुद्ध होता, हे सगळं मुद्देसूद मांडलं, इंग्रजीत उतरवलं आणि मेलनं पाठवलं. अण्णांना वाचून दाखवलं. ते मशीनला तेल घालत होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माफी मागितलीस का पत्रक काढलंस?”

मी म्हणाले, “म्हणजे?”

“त्या बाईचं दुःख कितव्या पानावर आहे?”

मी पानं उलटली. ते कुठंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी व्हिन्सेंटचं उत्तर आलं. एक ओळ: बर्नाडेट म्हणते, येऊन बोल.

म्हणून दुसरी सहल निघाली. मुळे सरांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, जा, पण बोट बेटावरून तशीच परत आली तर मला पेंग्विन छापू दे, मग पत्रकबाजी नको. मी कबूल केलं.

या सहलीत गायके काका होते. मूळ फुलंब्रीचे, घरची शेती, आणि औरंगपुऱ्यात साड्यांचं आणि कापडाचं दुकान. बरोबर सुमनकाकू. काकांना प्रत्येक देशात कापडच दिसतं. सिडनीत सगळे पुलाकडं बघत असताना हे एका म्हातारीच्या स्कार्फचं सूत चिमटीत धरून बघत होते आणि ती म्हातारीही कौतुकानं दाखवत होती. हॉटेलच्या पडद्यांचा मागचा धागा त्यांनी उलटून तपासला होता. काकूंचा एकच धोशा होता. “अवो, जरा वर बगा की. आभाळ बी हाय इथं.”

बेटावर उतरल्यावर मी लोकांना व्हिन्सेंटकडं सोपवलं आणि एकटी शेडकडं गेले. बर्नाडेट बाहेर झाडाखाली बसली होती. मी पाठ केलेली तीन वाक्यं म्हटली. माझ्यामुळं तुम्हाला पुन्हा रडावं लागलं. मी विचारलं नाही. मला माफ करा.

 तिनं शेजारची जागा हातानं झटकली. मी बसले. तिनं पिवळ्या मातीचा एक खडा आणि पाटासारखा दगड माझ्यापुढं सरकवला. मी उगाळायला लागले. आमच्याकडं सहाणेवर गंध उगाळतात तसंच, फक्त हे संपतच नव्हतं. मध्येच ती माझं मनगट धरून जोर कमी करायची. तासाभरानं वाटी भरली. तिनं बोट बुडवून रंग पाहिला, तो माझ्या कपाळावर एका रेघेत ओढला आणि म्हणाली, “आता तुझ्या लोकांना बोलाव.”

शेड उघडली. नियम व्हिन्सेंटनं सांगितला आणि मी मराठीत तीनदा सांगितला. चित्र बघायचं, हात लावायचा नाही, आणि फोटो काढायचा तर ज्या बाईचं चित्र आहे तिला आधी विचारायचं. लोक शहाण्यासारखे वागले. काही बायका खाली मांडी घालून बसल्या आणि फणीनं ठिपके टाकायला शिकल्या. सगळं इतकं छान चाललं होतं की मी डोकी मोजायला विसरले. आठवण झाली तेव्हा एक डोकं कमी भरलं.

गायके काका शेडच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. तिथंच तेवढी मोबाइलला रेंज येत होती. मी मागून गेले. त्यांच्या फोनवर बर्नाडेटच्या चित्रांचे फोटो होते, चाळीसेक तरी. ठिपक्यांच्या पट्ट्या इतक्या जवळून घेतलेल्या की टिंब न् टिंब मोजावं. सात फोटो दुकानातल्या मुलाला पाठवून झाले होते, आठवा ते निवडत होते.

मी विचारलं, “काका, विचारलंत का तिला?”

“कशाला? म्या काय चित्र उचलून नेलं व्हय? हाय तिथंच हाय तिचं.” त्यांचा चेहरा खरोखर निर्मळ होता. “ताई, ह्या काठाची साडी काढली ना, लई चालंल. सुरतंला पाठवलं की आठ दिवसांत माल हजर.”

मग मी सुरू झाले. मला थांबवणं मलाही जमत नव्हतं. लूट कशी होते, आधी यांच्या जमिनी गेल्या, मग सरकारनं यांची मुलं आयांपासून तोडून नेली, आता उरलेली रेघसुद्धा आपण उचलायची का, आपल्या शहरातल्या हिमरूच्या शालीचं काय झालं ते डोळ्यांनी पाहूनही तुम्ही हे करता, यंत्रावरची नक्कल हिमरू म्हणून वेरूळच्या वाटेवर विकली जाते आणि हातमागवाला घरी बसतो. सगळं खरं होतं. काकांनी फोन खाली धरला आणि शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “तुमी बोलता ते बरुबर असंल. पण हे असं भोंग्यावानी सांगितलं की माणूस कान झाकतो, ताई. अन् हिमरूची नक्कल म्या नाय विकत. इचारा कुनाला बी.”

आता माझ्यापुढं दोन वाटा होत्या. बोट सुटायला दीड तास होता. गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. बर्नाडेट खुशीत होती, सहल जमली होती, मुळे सरांना मी जिंकून दाखवलं असतं. आणि सांगितलं तर माझ्याच लोकांनी दुसऱ्यांदा तिचं मन मोडलं असतं, दार कायमचं बंद झालं असतं. इतक्या वर्षांत मी स्वतः आखलेली ती एकच सहल होती. मी टाकीच्या नळाखाली तोंड धुतलं. कपाळावरची पिवळी रेघ निघाली नाही.

मी काकांना म्हणाले, “चला. मी तिला सांगणार आहे. तुम्ही बरोबर असलात तर बरं.”

ते आले. हे त्यांचं मोठेपण मी आजही मानते. काकू मागून आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ओळखलं की काहीतरी झालंय. मी बर्नाडेटला सरळ सांगितलं की यांनी न विचारता फोटो काढले आहेत, सात पाठवलेही आहेत, आणि त्यावरून कापड छापायचं म्हणत होते. व्हिन्सेंट शेजारी उभा होता, त्यानं मान वळवून समुद्राकडं पाहिलं.

बर्नाडेट काकांकडं बघत राहिली. मग तिनं त्यांनाही जागा झटकून दिली. काका खाली बसले. तिनं एक पूर्ण झालेलं चित्र ओढलं आणि इंग्रजीत बोलायला लागली, मी मराठीत सांगत गेले. ही रेघ माझ्या बापाकडून आलेली. आमच्या बापाकडचा नाच शार्कचा आहे, तो आम्हीच नाचायचा, दुसऱ्यानं नाही. सण-समारंभाला ही खूण आम्ही अंगावर काढतो. पलीकडं बसली आहे ती माझी साठ वर्षांपासूनची मैत्रीण, पण तिची खूण मी काढत नाही. मला येते, तरी काढत नाही.

काका चित्राकडं बघत होते. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला म्हणाले, “ताई, हिला एक इचारा. ह्यांच्यात एका कुळातल्या पोरा-पोरीचं लगीन होतं का?”

मला वाटलं, माणूस विषय बदलतोय. तरी विचारलं. बर्नाडेट एकदम हसली, शेजारणीला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, तीही हसली. उत्तर आलं की कधीच नाही. नाच आणि खूण बापाकडून येते, पण कूळ आईकडून येतं, आणि त्याच कुळात लग्न म्हणजे भावाशी लग्न.

काकांनी मांडीवर थाप मारली. “आगं, हे तर देवक हाय!”

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मराठ्यांच्या प्रत्येक कुळाचं एक देवक असतं. एखादं झाड, पान, पीस. लग्नाच्या आदल्या दिवशी ते मांडवात बसवतात. देवक एक असलं की सोयरीक होत नाही. गायक्यांचं कळंब, म्हणजे कदंबाचं झाड. त्यांच्या घरी कळंबाचं लाकूड चुलीत घालत नाहीत.

मी बर्नाडेटला हे सांगायला लागले, पण काकांनी मला थांबवलं आणि स्वतःच सांगू लागले, फुलंब्रीच्या मराठीत, हातवारे करून. मांडव कसा घालतात, देवक कुठं ठेवतात, पुतण्याच्या लग्नात मांडववाल्यानं चुकून कळंबाची फांदी तोडून झेंडूच्या माळेत घातली तेव्हा त्यांच्या आईनं दिवसभर पाणी घेतलं नव्हतं. मी एक-दोन शब्दच मध्ये टाकले. बर्नाडेट मान डोलवत होती. तिनं फक्त एक प्रश्न विचारला, की तुमच्या आईच्या झाडाचं पान मी पायपुसण्यावर छापलं तर?

मी मराठीत विचारलं. काकांनी खिशातून फोन काढला, तिच्यापुढं धरला आणि एकेक फोटो पुसायला लागले. सगळे पुसून झाल्यावर सुमनकाकू वाकून म्हणाल्या, “त्या कचऱ्याच्या डब्यातलं बी काढा. पोरगं तिथनंच परत आणतंय.” डबाही रिकामा झाला. मग काका टाकीपाशी गेले आणि रेंज शोधून दुकानातल्या मुलाला निरोप बोलून पाठवला. तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “ते सात फोटू पुसून टाक. कुनाला धाडू नगं. ते कापड नाय, त्यांचं देवक हाय. पुसल्यावर मला सांग.”

बोट सुटायच्या आधी उत्तर आलं. पुसले.

मी बर्नाडेटला ते सांगितलं तेव्हा ती उठली आणि काकांना हाताला धरून शेजारच्या खोलीत घेऊन गेली. तिथं लांब टेबलांवर कापड पसरलेलं होतं. त्या स्वतःच कापड छापतात, स्वतः ठरवलेल्या नक्षीचं, जी बाहेर द्यायला त्यांची हरकत नसते. काकांनी कापडाचा कोपरा चिमटीत घेतला, उलटला, थुंकी लावून रंग चोळून पाहिला, नाकाशी नेला. आयुष्यभर कापड हाताळलेला माणूस कापडाशी कसा बोलतो, ते बर्नाडेट टक लावून बघत होती. ते म्हणाले, “रंग पक्का हाय. हे मी विकीन, अन् सांगून विकीन.” व्हिन्सेंटनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला की पुढच्या वेळी यालाच मॅनेजर करून आण.

त्या बोटीत डोकी पूर्ण भरली. मी खाली बसले आणि रडले, आनंदानं. सुमनकाकूंनी मला बोट लागण्यावरची गोळी दिली.

पुढचं थोडक्यात सांगते. बेट आता आमच्या पत्रिकेच्या पहिल्या पानावर आहे. पाच सहली जाऊन आल्या, मुळे सर स्वतः एकदा येऊन धुरातून चालून गेले. गायके काकांच्या दुकानात बेटावरून आलेलं कापड मिळतं. थोडंच येतं, येतं तसं संपतं. प्रत्येक तुकड्याबरोबर अण्णांनी छापलेला कागद असतो, त्यावर ती नक्षी कुणाची, ते लिहिलेलं. मजकूर मी लिहिला आणि फोनवर बर्नाडेटला वाचून दाखवला. तिनं एक अट घातली. आमच्यातली कुणी गेली असं कळलं की त्या दिवशी तिच्या नावाचा कागद काढायचा, घरचे सांगतील तेव्हाच परत लावायचा. काकांनी ऐकलं आणि मग कागद कापडाला शिवायचं थांबवून टाचणीनं लावायला सुरुवात केली. नाव मोठ्यानं घेण्यासाठी आयुष्यभर पत्रकं छापलेल्या माझ्या बापानं त्या कागदावर पहिल्यांदाच नाव बारीक टायपात घेतलं, सहज झाकता येईल असं.

एक खंत आहे. बर्नाडेटच्या भावाच्या घरच्यांपैकी इतर कुणाला मी भेटू शकलेले नाही. त्या दिवशी छपराखाली घुमलेला आवाज कुणाकुणापर्यंत गेला, मला माहीत नाही. बर्नाडेटनं माफ केलं ते तिच्यापुरतं.

आणि लढाई संपलेली नाही. काकांच्या दुकानात कापड चाललं, तसं शहराच्या बाजारात ठिपक्यांचं पॉलिस्टर आलं. अगदी तशाच पट्ट्या, तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या, कुणीतरी कुठून तरी उचललेल्या. काका परवा एका दुकानदाराशी यावरून भांडून आले. तो म्हणाला, गिऱ्हाईक मागतं म्हणून मी ठेवतो.

म्हणजे प्रश्न तुमच्यापाशी आला आहे. या दिवाळीत खरेदीला जाल, गादीवर बसाल, पुढ्यात थान उलगडलं जाईल. तेव्हा दुकानदाराला विचारा की ही नक्षी कुणाची आहे आणि त्यांना विचारून घेतली आहे का. त्याला सांगता आलं नाही, तर घडी घालून ते कापड त्याच्याकडं सरकवा आणि उठा. रिकाम्या हातानं घरी या. आणि का उठलात, ते त्याला जाता जाता हळू आवाजात सांगून या.